बीच्या पोटावर एम : द्रुतगती महामार्गाच्या अभियंत्यांना खुले पत्र

प्रति,
मुंबईच्या पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्गांवरच्या पाट्या ज्यांच्या सहीने चढतात आणि ज्यांच्या सहीने उतरतात, त्या सर्व अभियंत्यांस

स. न. वि. वि.

माझ्या मागच्या गॅलरीत, कपडे धुण्याच्या मशीनच्या आड, एक लोखंडी पाटी उभी आहे. चार फूट लांब, अडीच फूट उंच. हिरवी जमीन, पांढरी अक्षरं. वर मराठीत ‘मुंबई’, त्याखाली तेच इंग्रजीत, आणि उजव्या अंगाला एक बाण. भंगारवाल्याकडे जुन्या खिडक्यांच्या गजांमागे ती मला दिसली. किलोच्या भावाने घेतली, चौदा किलो भरली. कुठल्या खांबावरून उतरली, कोणी उतरवली, हे त्याला ठाऊक नव्हतं आणि मीही खोदून विचारलं नाही. तेव्हा हे तक्रारीचं पत्र नाही, हे आधीच सांगते. पुढच्या पाट्या उतरवण्याआधी तुम्ही एक गोष्ट करावी, एवढीच विनंती आहे. पण ती का, हे सांगायला जरा लांबून यावं लागेल.

संध्याकाळी चारच्या सुमाराला गॅलरीत ऊन तिरपं येतं. त्या उन्हात पाटीकडे कडेने पाहिलं की इंग्रजी ओळीत आणखी एक ओळ दिसते. एमच्या दोन खांबांमध्ये बीची दोन पोटं फुगलेली दिसतात. शेजारच्या यूच्या तळाशी एक गोल ओ बसलेला आहे. आणि सगळ्यात शेवटी, आयच्या एकट्या काठीमागे वायचे दोन हात वर पसरलेले. जुन्या अक्षरांवर हिरवा रंग मारून वर नवी अक्षरं लिहिली आहेत, पण इनॅमलचा थर काही सपाट होत नाही. त्याची कड राहतेच.

माझे वडील पाट्या रंगवायचे. रस्त्याच्या, दुकानांच्या, शाळांच्या, मिळेल त्या. कंत्राटदाराकडून कापलेले पत्रे यायचे. आधी रॉकेलने पुसून तेलकटपणा काढायचा, मग रेड ऑक्साइडचा हात, तो वाळला की जमिनीचे दोन हात. त्यानंतर सूत मारायचं. दोऱ्याला खडूची पूड लावायची, दोन टोकं दोघांनी ताणून धरायची, मधोमध चिमटीत उचलून सोडायचा. टप्प. पत्र्यावर सरळ पांढरी रेष. एक टोक धरायचं काम माझं होतं. ती पहिली रेष म्हणजे शिरोरेषा. अक्षरं तिच्यावर टांगायची, कपडे दोरीवर टांगतात तशी.

इंग्रजी लिहायला सोपं, असं बाबा म्हणायचे. कॅपिटलमध्ये लिहिलं की सगळी अक्षरं एका उंचीची, दोन सुतांत काम भागतं. मराठी तिमजली. वरच्या मजल्यावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार, मधल्यावर अक्षर, तळमजल्यावर उकार. त्यात ‘मुंबई’ हा शब्द असा, की तीन अक्षरांत तिन्ही मजले भरतात. मुचा उकार खाली लोंबतो, अनुस्वार वर बसतो, ईचा तुरा आणखी वर जातो. म्हणून ज्या पत्र्यावर इंग्रजी नाव ऐसपैस मावतं, तिथे मराठी नाव कोंबल्यासारखं होतं. चांगला पेंटर आणि भाड्याचा पेंटर यांतला फरक या उकारात कळतो. भाड्याचा पेंटर जागा संपली की उकार चिरडतो. बाबा उकाराला आधी जागा द्यायचे आणि मगच बाकीचं.

१९९५ साली या शहराचं इंग्रजी नाव अधिकृतपणे बदललं. त्याचे मोर्चे, भाषणं, वाद सगळ्यांना आठवत असतील. आमच्याकडे त्याचा अर्थ इतकाच होता की काम आलं. आणि त्या कामात एक गंमत होती, ती मी आजवर कुठे छापलेली वाचलेली नाही. मराठी ओळीला हात लावायचाच नव्हता. ती पहिल्यापासून ‘मुंबई’च होती. बदलायची ती इंग्रजी ओळ. आता जुनं नाव बी, ओ, एम, बी, ए, वाय. नवं नाव एम, यू, एम, बी, ए, आय. दोन्ही सहा अक्षरांची. आणि मधली तीन अक्षरं, एम, बी, ए, जिथल्या तिथे. म्हणजे पहिली दोन आणि शेवटचं एक एवढंच पुसायचं, एवढंच लिहायचं. निम्मा रंग, निम्मा वेळ. फक्त बीपेक्षा एम रुंद आणि वायपेक्षा आय अरुंद, त्यामुळे शब्दाचा तोल डावीकडे झुकतो. माझ्या गॅलरीतल्या पाटीवर तो झुकलेला आहे. टेप लावून पाहिलं, उजवीकडे अडीच बोटं जागा जास्त आहे.

पाटी बाबांच्या हातची आहे का? मला वाटायला हवं, पण खात्रीने सांगता येणार नाही. तेव्हा असे हात बरेच होते. मुचा उकार मात्र चिरडलेला नाही.

तर मुद्दा असा. त्या चौदा किलो लोखंडात १९९५ साल आहे. त्या सालाबद्दल वर्तमानपत्रांची कात्रणं आहेत, सरकारी आदेश आहेत, पुस्तकंही असतील. पण तो आदेश एका माणसाने ब्रश घेऊन रस्त्याच्या कडेला कसा अमलात आणला, याचा कागद कुठेच नाही. त्याचा पुरावा त्या पत्र्यावरच आहे, आणि पत्रा वितळवायला जातो.

दगडांचं नशीब याहून बरं निघालं. फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथीड्रलपासून मैल मोजून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काळ्या बसाल्टचे दगड बसवले होते. कॅथीड्रल १७१८ सालचं. इंग्रजांच्या मुंबईचा शून्य तिथे. रस्ते वर येत गेले, पदपथ उंचावत गेले, तसे ते दगड मानेपर्यंत गाडले गेले. काहींवर फेरीवाल्यांनी माल मांडला, काहींना चुना फासला गेला. पुढे ते वारसा यादीत आले, गेल्या काही वर्षांत त्यांतले बरेच उकरून वर उचलले, स्वच्छ केले. मी दादरला जाऊन एक पाहून आले. उत्तम काम झालं आहे. पण मनात आलंच, की हा दगड टिकला तो कोणाला कळवळा आला म्हणून नव्हे. तो उचलून न्यायला जड होता आणि भंगारात त्याला भाव नव्हता, म्हणून. लोखंडाला आणि ॲल्युमिनियमला भाव आहे, हाच आपल्या पाट्यांचा अपराध.

पूर्व द्रुतगती महामार्गाचा इतिहास लिहायचा तर कागदापेक्षा पाट्यांवरून जास्त नीट लिहिता येईल, असं माझं मत आहे. आधी नावच घ्या. शासकीय पाटीवर ‘पूर्व द्रुतगती महामार्ग’. आजवर एकाही माणसाने रिक्षावाल्याला “द्रुतगती महामार्गाने घ्या” असं सांगितल्याचं मी ऐकलेलं नाही. “हायवेने घ्या”, नाहीतर “इस्टर्नने”. आणि जुने लोक ज्याला ‘आग्रा रोड’ म्हणतात तो हा रस्ता नव्हेच. तो शेजारून जाणारा, आज लाल बहादूर शास्त्री मार्ग म्हणवणारा. मुंबईहून आग्र्याला जायची ती मूळ वाट. कुर्ला, घाटकोपर, भांडुप, मुलुंड या गावांच्या पोटातून जाणारी. ती गावं वाढली, वाट तुंबली, म्हणून पूर्वेला खाडीच्या बाजूने, मिठागरांच्या कडेने हा नवा रस्ता काढला. आग्र्याचा मान मात्र त्याने सोबत नेला. राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३, आग्रा ते मुंबई, हा याच रस्त्याने शहरात येऊ लागला.

त्याची सुरुवात मूळची शीवहून. आणि ‘शीव’ ही पाटी नीट वाचली तर शहराचा जुना नकाशा तिथेच मिळतो. शीव म्हणजे हद्द, वेस. मुंबई बेट इथे संपायचं, पलीकडे साष्टीचं बेट. मध्ये खाडी. गव्हर्नर जोनाथन डंकनच्या काळात त्या खाडीवर बांध घातला, तो १८०५ साली पुरा झाला, तेव्हा कुर्ल्याला कोरड्या पायांनी जाता येऊ लागलं. परक्यांच्या तोंडी शीवचं सायन झालं. आज एकाच चौकात मराठी ओळीत ‘शीव’ आणि इंग्रजी ओळीत ‘सायन’ असं असतं, आणि नवखा माणूस ही दोन ठिकाणं समजतो. काही नव्या पाट्यांवर तर मराठी ओळीतही ‘सायन’ दिसतं. हे दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत, फक्त मजकूर तपासणारा एक मराठी माणूस लागतो. असो, तो वेगळ्या पत्राचा विषय.

क्रमांकांची गोष्ट तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तरी वाचणाऱ्यांसाठी सांगते, कारण यात आपल्याकडच्या लोकांचा हात आहे आणि आपणच ते विसरलो. देशातले मुख्य रस्ते एकट्या प्रांतांच्या खिशाला झेपणार नाहीत, त्यासाठी वेगळा निधी हवा, हे सांगणारी समिती १९२७ साली नेमली गेली. तिचे अध्यक्ष मुकुंदराव जयकर, म्हणजे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले तेच. त्या समितीच्या शिफारशींतून केंद्राचा रस्ते निधी आला आणि १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. पाटीवरचं अक्षर किती उंच असावं, त्रिकोण कधी आणि वर्तुळ कधी, हे आजही तिचंच पुस्तक ठरवतं. तुमच्या टेबलावर असणारी ती ६७ क्रमांकाची संहिता. आणि राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्हा रस्ता, ग्रामरस्ता ही उतरंड ठरली १९४३ साली नागपुरात, देशभरच्या मुख्य अभियंत्यांच्या बैठकीत. दगडाचं डोकं पिवळं असेल तर राष्ट्रीय, हिरवं असेल तर राज्य महामार्ग, हे एसटीतून जाणाऱ्या पोरालाही कळतं. त्याच्या मुळाशी ती नागपूरची बैठक आहे.

मग २०१० साली केंद्राने सगळे क्रमांक नव्याने लावले. उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम, पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम, वगैरे. पद्धत शहाणपणाची आहे, नकाशा न पाहता रस्त्याची दिशा कळते. पण त्या एका फटक्यात अहमदाबादचा जुना आठ आणि पुण्याचा जुना चार दोघेही अठ्ठेचाळीस झाले, गोव्याचा सतरा सहासष्ट झाला, आणि आपला तीन? तीन क्रमांक आज पंजाबातल्या अटारीपासून मनालीवरून लेहला जातो. म्हणजे ठाण्याजवळ कुठे ‘३’ लिहिलेली जुनी पाटी उरली असेल, तर ती वाचणाऱ्याला कायद्याने लडाखला पाठवते. अशी पाटी रस्त्यावर ठेवा असं मी म्हणणार नाही. पण ती वितळवून टाकली, की ‘तीन नंबर’ म्हणणारी पिढी गेल्यावर या रस्त्याला कधीकाळी तीन म्हणत, हे दाखवायला काय उरेल? किलोमीटरच्या दगडांचंही तेच. १९५६ च्या कायद्याने मैल गेले, किलोमीटर आले, दगड बदलले. बोलण्यात मात्र ‘मैलाचा दगड’ राहिला. ‘किलोमीटरचा दगड ठरला’ असं अजून कोणी अग्रलेखात लिहिलेलं नाही.

रस्ता खऱ्या अर्थाने बदलला तो उड्डाणपुलांनी. शहरातला पहिला उड्डाणपूल केम्प्स कॉर्नरचा, १९६५ चा. अमेरिकेतल्या विल्बर स्मिथ कंपनीने त्याच दशकाच्या सुरुवातीला मुंबईसाठी जलदगती रस्त्यांचं जाळं सुचवलं होतं, त्यातलं बरंच कागदावर राहिलं. मग १९९६ साली रस्ते विकास महामंडळ स्थापन झालं आणि नव्वदीच्या शेवटी पंचावन्न उड्डाणपुलांचा सपाटा सुरू झाला. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती मार्गांवरचे सिग्नल एकामागून एक पुलाखाली गेले. आम्ही लहान असताना घाटकोपरला, विक्रोळीला गाडी थांबायची. थांबली की ड्रायव्हर खिडकीतून मान काढून विचारायचा, “दादा, मुलुंड चेकनाका?” आणि दादा हाताने दाखवायचा. तेव्हा पाटी नसली तरी चालून जायचं. पाटीचं अर्धं काम कोपऱ्यावरचा पानवाला करत होता. पुलावर पानवाला नसतो. ताशी ऐंशीच्या वेगात गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. डावीकडे सेवारस्त्याला उतरायचं की पुलावर चढायचं, हे दोनशे मीटर आधी कळलं नाही तर माणूस विक्रोळीऐवजी कांजूरमार्गला पोहोचतो आणि वरून उलटा येतो.

त्यामुळे पाटीची जागा बदलली, आकार बदलला, मजकूर बदलला. कडेला खांबावर असणारी पाटी कमानीवर चढली. आणि एक बदल असा झाला की ज्याची नोंद कोणीच ठेवली नसावी असं मला वाटतं : पाट्यांची नजर जवळची झाली. बाबा रंगवायचे त्या पाट्यांवर ठाणे, नाशिक, आग्रा अशी लांबची नावं मी वाचलेली आहेत. आजच्या कमानीवर बहुतेक पुढचे दोन चौक असतात. रस्त्याला तेव्हा वाटायचं की आपल्यावरून जाणारा माणूस देशाच्या दुसऱ्या टोकाला निघालाय. आता तो ओळखून आहे, की हा ऑफिसला चाललाय आणि साडेनऊचं पंचिंग आहे. ठाण्याच्या अंगाला तर चौकांना कारखान्यांनीच नावं दिली, नितीन कंपनी, कॅडबरी, आणि ती पाटीवर चढून अधिकृत झाली. अशी नावं कुठल्याही समितीने ठरवलेली नसतात. ती बसच्या कंडक्टरने ओरडून ठरवलेली असतात.

२०१३ च्या जूनमध्ये पूर्व मुक्त मार्ग, म्हणजे ईस्टर्न फ्रीवे, सुरू झाला, पुढच्या वर्षी तो घाटकोपरपर्यंत येऊन या महामार्गाला मिळाला. सोळा किलोमीटरहून थोडा जास्त. त्याबरोबर इथल्या कमानीवर एक नवा बाण आला, आणि शीव न ओलांडता, म्हणजे शहराची जुनी वेस न ओलांडता, थेट फोर्टाच्या दारात जाता येऊ लागलं. तो बाण ज्या पाटीवर चिकटवला, तिच्यावर आधी काय होतं, याचा फोटो कोणाकडे असेल का? मला शंका आहे.

इथे एक कबुली देते, नाहीतर हे पत्र जुनं ते सोनं छाप वाटेल. हाताने रंगवलेली पाटी रात्री दिसत नसे. दिव्याचा झोत पडला तरी इनॅमल परत उजेड देत नाही, नुसतं काळपट चमकतं. पावसात तर काहीच नाही. बाबांनी पहिल्यांदा परावर्तक पत्र्याची पाटी रात्री पाहिली, तेव्हा घरी येऊन बराच वेळ गप्प बसले होते. मग म्हणाले, “आपलं काम संपलं, पण बरं झालं, ट्रकवाले वाचतील.” त्या चकाकणाऱ्या पापुद्र्याला आपण सगळे ‘रेडियम’ म्हणतो. त्यात रेडियमचा कणही नसतो. आधी काचेचे बारीक मणी असायचे, आता सूक्ष्म लोलक असतात, आलेला उजेड आल्या वाटेने परत पाठवणारे. म्हणून ती पाटी फक्त गाडीत बसलेल्यालाच लखलखीत दिसते, शेजारी पदपथावर उभ्या असलेल्याला नाही. त्यातून जीव वाचतात. तेव्हा जुन्या पाट्या खांबावर राहू द्या, अशी माझी मागणी मुळीच नाही. गंजलेली, फिकट झालेली पाटी उतरायलाच हवी.

पण नव्या पाट्यांत एक गोष्ट हरवली आणि ती तपासायलाही जुन्या हाताशी हव्यात. इंग्लंडात १९५८ साली प्रेस्टनला पहिला मोटरवे उघडला, तेव्हा जॉक किनिअर आणि त्यांच्या सहकारी मार्गारेट कॅल्व्हर्ट यांनी त्यावरच्या पाट्यांसाठी खास अक्षरं घडवली. सगळं कॅपिटलमध्ये लिहायची जुनी सवय त्यांनी मोडली, कारण लहान अक्षरांत काही वर जातात, काही खाली येतात, आणि शब्दाला एक बाह्यरेषा मिळते. दुरून माणूस अक्षरं वाचत नाही, तो आकार ओळखतो. मला हे वाचून बाबांची आठवण झाली. देवनागरीला ही बाह्यरेषा फुकट मिळालेली आहे. वेलांट्या, मात्रा, उकार म्हणजेच शब्दाचा आकार. ‘विक्रोळी’ दुरून ओळखू येते ती पहिल्या आणि शेवटच्या वेलांटीच्या दोन कमानींमुळे. आणि संगणकावर पट्टीत बसवायला नेमक्या त्याच वेलांट्या आज चेपल्या जातात. काही पाट्यांवर रफार पुढच्या अक्षरावर सरकलेला असतो, जोडाक्षर फुटलेलं असतं, ‘ळ’चा ‘ल’ होऊन ‘विक्रोली’ झालेली असते. पेंटर चुकला असता तर गल्लीतल्या पोरांनी हसून त्याला दुरुस्त करायला लावलं असतं. कमानीवरची पाटी तीस फुटांवर असते, तिला कोण हसणार? आता चौकोनात अक्षर बसवताना काय आधी आणि काय मागून, हे आमच्या पेंटरांनी कुठे लिहून ठेवलं नाही. ते फक्त पत्र्यांवर आहे.

आता प्रत्यक्ष विनंती.

हा रस्ता हात बदलत आला आहे. सार्वजनिक बांधकाम खातं, मग महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, आणि २०२२ पासून महापालिका. पुलांचं आणि टोलचं खातं आणखी निराळं. प्रत्येक हस्तांतरात फायली जातात, आणि फायलींबरोबर आठवणही जाते. यात कोणा एकाचा दोष नाही, दर वीस वर्षांनी घर बदलणाऱ्या कुटुंबाचे फोटो असेच हरवतात. म्हणून नवं खातं, नवं संग्रहालय, नवी समिती असलं काही मी मागत नाही. तुमच्या कामाच्या निविदेत जुने फलक काढण्याची बाब असतेच. त्या ओळीखाली आणखी एक ओळ घाला : काढण्याआधी प्रत्येक फलकाचा समोरून, मागून आणि कडेने एकेक फोटो, जागेच्या किलोमीटरसह. मागून यासाठी, की पाठीवर बऱ्याचदा रंगवल्याची तारीख किंवा कंत्राटदाराची खूण असते. कडेने कशासाठी, ते माझ्या पाटीने वर सांगितलंच. कामगार तिथे शिडीवर असतोच, फोन त्याच्या खिशात असतोच.

आणि प्रत्येक जातीची एक पाटी ठेवा. एकच. सगळ्या नकोत, आग्र्याच्या दहा असतील तर एक. हाताने रंगवलेली एक. ‘३’ असलेली एक. व्ही. टी., म्हणजे व्हिक्टोरिया टर्मिनस, लिहिलेली सापडली तर ती नक्की, कारण त्या स्थानकाचं नाव १९९६ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये बदललं, आणि पाटीवरचे थर मोजण्यासारखे असतील. टोलनाक्यावरचा दराचा फलकही. २०२४ च्या १४ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही नाक्यांवर हलक्या गाड्यांचा टोल गेला, आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण त्या फलकावर कोणाला टोल माफ आहे याची जी लांबलचक यादी असते, राष्ट्रपतींपासून खाली, ती या देशाच्या मानपानाचा असा उतारा आहे की शाळेत नागरिकशास्त्राला लावावा. एक जपा.

ठेवायचं कुठे, हा प्रश्न तुम्ही विचारालच. पुलाखाली. या दोन महामार्गांच्या पुलांखाली किती कोरडी जागा पडून आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. जाळी लावलेल्या एका गाळ्यात शंभर पाट्या भिंतीला टेकून उभ्या राहतील. प्रदर्शन आज नको, दिवे नकोत, उद्घाटन तर नकोच नको. दोन इंच उंच लाकडी फळ्यांवर उभ्या करा म्हणजे पावसाचं पाणी खालून लागणार नाही. एवढ्यावर त्या पन्नास वर्षं टिकतील.

भंगाराचे पैसे सरकारजमा करावे लागतात, लेखापरीक्षणात आक्षेप येतो, ही अडचण मला एका निवृत्त अभियंत्याने सांगितली. ती खरी आहे. पण जपलेल्या पाट्या ‘विकलेल्या नाहीत, भांडारात आहेत’ अशी नोंद घालायला कोणता नियम आडवा येतो? येत असेल तर तो नियम कोणता, एवढं तरी कळवा. मग पुढचं पत्र मी योग्य टेबलाला लिहीन.

सुरुवात म्हणून माझी पाटी घेऊन जा. मोबदला नको. लिफ्टमध्ये मावत नाही, जिन्याने न्यावी लागेल, दोन माणसं पाठवा. उजवा खालचा कोपरा गॅस कटरने कापलेला आहे आणि धारदार आहे, तेव्हा हातमोजे आणा. आणि शक्य असेल तर चार वाजता या, म्हणजे बी दिसेल.

आपली,
पाट्या रंगवणाऱ्याची मुलगी